आमच्या घरावरचा कोळसा

गव्हाण,
बुधवार, दुपार

प्रिय केतन,

काल तुझा बंगळुरूहून फोन आला, "आप्पा, ठोके एकदम वाढलेत, काय करताय?" आणि मी म्हणालो, जिना चढलो. ते खरं नव्हतं. मी देवळाच्या मांडवात खुर्चीवर बसलो होतो, मांडीवर फुटाण्यांची पुडी होती आणि सगळ्या गावादेखत आपल्या घरावर कोळसा ठेवला गेला होता. तू मनगटावर बांधून दिलेलं घड्याळ हुशार आहे. मला काय झालं ते त्याला माझ्याआधी कळलं.

नीट सांगतो. पनवेलच्या कॉलेजातून रुचिरा नावाची मुलगी आली आहे. गाव सुखी आहे का, हे ती मोजते. पण घर पक्कं आहे का, गाडी आहे का, असलं काही विचारत नाही. म्हणते, सुखी घर कुठलं ते तुम्हीच ठरवा, खूणही तुम्हीच करा. मग बायकांत जुंपली. एकीला नळाचं पाणी हवं, दुसरीला नोकरीवाला मुलगा. त्यावर मागच्या आळीतली गुणाबाई म्हणाली, "नोकरीवाला पोर घरान जेवतो कदी?" सगळ्या हसल्या, आणि हसता हसताच ठरलं. ज्या घरात हाक न मारता शिरता येतं, जिथे कालवणाची वाटी जाते आणि रिकामी परत येत नाही, लग्नाचा मांडव पडला की जिथे तांदूळ निवडायला बायका न बोलावता येऊन बसतात, ते सुखी घर. रांगोळीने जमिनीवर अख्खं गाव काढलं. सुखी घरावर हळदीची चिमूट. कुलूप लावून उलव्याच्या फ्लॅटमध्ये गेलेल्यांच्या घरावर कोळसा.

मी आपला हळदीची वाट बघत होतो. संगमरवरी पायऱ्या, वर गच्ची, पोरगा एवढा मोठा इंजिनिअर. गुणाबाई आपल्या घरापाशी आली, कोळसा ठेवला आणि पुढे सरकली. मला वाटलं चुकली, कोणीतरी सांगेल. बायका तिच्यामागून पुढच्या घराकडे वळल्या, केतन. शेवटी मीच म्हणालो, अगं, मी राहतो तिथे. तर म्हणते, "तुमी घरान असता ते ठाव हाय, आप्पा. पन दार कुनाला उघडतं?" रागाने नाही म्हणाली. भाताला पाणी कमी पडलं म्हणावं, तसं म्हणाली. तेव्हाच तुझा फोन आला.

धर्मराजकाका तुला माहीतच आहे. शाळेत आम्ही एका बाकावर. गुरुजी कविता पाठ करून घ्यायचे, आणि शाळा सुटली की आम्ही मिठागराच्या बांधावर उभे राहून ती पुन्हा म्हणायचो, मिठाच्या ढिगांना श्रोते समजून. अजून डोळे मिटले की ते पांढरं ऊन दिसतं, आणि त्यात धर्मराजची फाटकी चड्डी. एक होडीची कविता होती. तिच्या तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आम्ही दोघेही विसरलो. साठ वर्षं ती ओळ शोधतोय म्हण ना. पुस्तक कधीच गेलं, रुचिराने फोनवरही बघितलं, नाही मिळाली. भेटलो की तो एक जुळवून आणायचा, मी एक. मी म्हणायचो, तुझी ओळ लंगडते. तो म्हणायचा, "तुजी तर उटतच नाय." जमिनी गेल्या, मिठागरं बुजली, विमानं आली, आमचं भांडण तेच.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं येणं थांबलं. तू ट्रकच्या धुळीत बाहेर पडू नका म्हणालास, मी पडलो नाही. त्याने फोन कधी बाळगला नाही. मी गच्चीत बसून मनाशी म्हणायचो, पाय माझे अधू आहेत, ह्याचे तर धड आहेत. भाद्रपदात तो गेला. मी काठी टेकत दहाव्याला गेलो, तेही मनात अढी ठेवूनच. वेणूवहिनीशी दोन शब्द बोललो आणि परतलो.

काल मांडवातून उठलो तर त्याच वेणूवहिनी हात धरायला आल्या. म्हणाल्या, "भावजी, एवडं झोपता कसं वो तुमी?" मी म्हटलं, मी कुठे झोपतो? "आमी कितींदा आलो. गेटावरची घंटी दाबली का तुमचा केतन बोलतो, आप्पा झोपलेत, नंतर या. आमचे हे पन आलते. हप्त्यातनं दोनदा तरी यायचे."

मला खुर्ची पुन्हा जवळ ओढावी लागली. गेटची घंटा तुझ्या फोनमध्ये वाजते हे तू सांगितलं होतंस. माझी दुपार मोडू नये म्हणून आतली बंद केलीस, हेही. पण मला वाटायचं, ती कोणी दाबतच नाही. गावाला वाटायचं, आप्पाला आता माणसं नकोत. आणि तू तिकडे कामाच्या गडबडीत, माझी काळजी म्हणून, एकेकाला परत पाठवत होतास. रात्रभर हेच फिरत राहिलं डोक्यात. तू विचारशील म्हणून सांगतो, झोप झाली नाही, घड्याळ बरोबर दाखवतंय.

घड्याळ मी काढणार नाही. ठोके, पावलं, झोप, तुझ्या मोजणीने तू मला मोज, त्यात तुझा जीव आहे. पण आज सकाळपासून गेट सताड उघडं आहे आणि कडीला सुतळी बांधली आहे. गेटवरच्या कॅमेऱ्यात कोणीही येता-जाताना दिसेल. घाबरू नकोस. गुणाबाई आत्ताच सुकटीचं कालवण ठेवून गेली. जाताना गच्चीकडे बघून हसली. वाटीत परत काय घालायचं ते सुचत नाहीये.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण मला जे विचारायचं आहे त्याला तू घाईने उत्तर द्यायला नको, म्हणून लिहिलं. धर्मराज शेवटचा आला तेव्हा घंटीशी बराच वेळ बोलत उभा होता, वहिनी लांबून बघत होत्या. घरी जाताना खूश होता. म्हणाला, "गावली एकदाची. केतनजवल सांगून आलो, तो सांगंल त्याला." काय गावली ते वहिनींना बोलला नाही. केतन, तुला ती म्हाताऱ्याची बडबड वाटली असेल, मीटिंगमध्ये असशील, मी रागावलेलो नाही. फक्त शांत बसून आठव. त्या यंत्रात आवाज साठत असेल तर शोध. शब्द पुढेमागे झाले तरी चालतील. शेवटचा एक शब्द मिळाला तरी त्याच्यामागून मी चालत जाईन. धर्मराजने तुला कोणती ओळ सांगितली होती?

तुझाच,
आप्पा