साडेतीन किलोचा ट्रॅकसॉ

परंदवडी, ५ जानेवारी २०२५

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस, त्यावरचं मला कायबी ऐकू येत न्हाई. जन्मभर मशिनीच्या आवाजात सुतारकाम केलं, कान त्यातच गेले. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापास्नं तुझ्या भावानं, करणनं, माझी हत्यारं कुलपात घातलीत. म्हणतो, आबा, आता देवळात बसा. मी म्हणालो, त्या देवळाचा दरवाजा कुणी केला ते इचारून ये.

शेजारच्या दत्तोबाच्या नव्या घराचे दरवाजे मी घेतलेत. जुनं कटर आता आवरत न्हाई. पट्टीवर सरळ चालणारा ट्रॅकसॉ पायजे, वरून दाबला की पातं लाकडात उतरतं तो. तुमच्या बाजारात दोन आहेत म्हणं. एक पाच किलोचा, पंचावन्न मिलिमीटर खोल कापणारा. दुसरा साडेतीनचा, चाळीस कापणारा. मला मोठाच पायजे. उचलून बघ अन् घेऊन धाड. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा आबा


लोणावळा, १४ जानेवारी २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पाठवते आहे, पण गोड बोलणार नाही. दादाचा फोन आला होता. आबांना सरळ नाही म्हणून लिही म्हणाला. मीही तेच ठरवून दुकानात गेले. मोठा उचलला तर माझंच मनगट वाकलं. कुणासाठी हवाय ते सांगितलं, तर दुकानदार हसला. म्हणाला, त्यापेक्षा बाबांना काठी घेऊन द्या. आबा, माझं डोकंच फिरलं. छोटा बांधा, म्हटलं.

मोठा नाही म्हणून रुसू नका. पट्टीवर ठेवला की छोट्याची खोली आणखी कमी होते, पस्तीसच उरते, हे खरं. पण खांदा काही दुसरा मिळायचा नाही. दादाला सांगितलंय, भांडायचं तर माझ्याशी भांड.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपली हर्षदा


परंदवडी, २ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षदास आशीर्वाद.

मशीन बघून तुझा लय राग आला. खेळणं धाडलंस वाटलं. आतल्या खोल्यांचे दरवाजे तीस मिलिमीटरचे, ते लोण्यावानी कापले. पण पुढचा सागाचा दरवाजा पन्नासचा. करण बघायला आलता. म्हणाला, आता काय करता? मी म्हणालो, उलटा करायला हात लाव. तर हाताची घडी घालून उभा ऱ्हायला. मग दत्तोबानं अन् मी उलटवला, अन् दोन्हीकडनं कापला. मधी केसाएवढी पायरी ऱ्हायली. रंधा मागितला, तवा करण कुलूप काढून घेऊन आला.

खांदा दुखला न्हाई म्हणलो तर खोटं हुईल. पण दरवाजा असा बसला, करणनं दोनदा उघडून लावून बघितला अन् निघून गेला.

आता सुदुंबऱ्याला एका स्वयंपाकघराची कपाटं घेतलीत. करणला ठाव न्हाई, डॉक्टरलाबी न्हाई. तू सांगू नकोस. मीच सांगणार, दोघांच्या तोंडावर.

तिकडची माया इकडं येत ऱ्हावी.

तुझा आबा