बाबांची बादली आणि माझी मिशी

२ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या नदीत चिलापी माजली आहे. हा बाहेरचा मासा कुणीतरी आणून सोडला, आणि आता तो आपल्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करतो. म्हणून दर रविवारी सगळी गल्ली जाळी घेऊन पाण्यात असते. मी पडलो प्रमुख. चारचौघांत बोलून बसलो, की महिनाअखेरीस चिलापी कमी झाली नाही तर मिशी उतरवीन!

पण चिलापीची पिल्लं वाढतच चालली आहेत. न्हावीकाका मला बघून वस्तरा परजतात. हसू नकोस, मिशीवाचून मी कसा दिसतो ते तुला ठाऊक आहे. बाबा मात्र खुशीत आहेत. पकडलेल्या चिलापीच्या बादल्या पुरायच्या खड्ड्यात ओतायचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलंय.

लोभ मिशीसकट असावा.
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतोस. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे, बादल्या दिल्यास कुणाच्या हातात? लहानपणी आपल्या गळाला पिल्लू लागलं की बाबा ते परत सोडायला लावायचे. मी भोकाड पसरलं तरी ऐकायचे नाहीत. जन्माची सवय ती. येत्या रविवारी त्यांच्या मागोमाग जा. आणि ओरडू नकोस त्यांच्यावर, माझी शपथ आहे.

वस्तऱ्यापासून जप.
ताई

१० एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं निघालं. घाटाच्या आडोशाला बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून चिमुकल्या चिलाप्या सोडत होते, आणि वर 'मोठ्या होऊन या' म्हणून सांगत होते. मी शपथ पाळली. एका मोठ्या चिलापीचं पोट चिरून आतली आपल्या माशांची पिल्लं तेवढी दाखवली. बाबांनी त्यातलं एक तळहातावर घेतलं. मग म्हणाले, "ही पण पिल्लंच की रे."

३१ मार्चला न्हावीकाकांनी काठावर खुर्ची मांडली. चिलापी कुठली कमी व्हायला! मी मुकाट्याने बसलो, तर बाबांनी मला दंडाला धरून उठवलं आणि स्वतःच बसले. बादली त्यांची होती, तेव्हा मिशीही त्यांचीच जाईल, म्हणाले.

ती झुपकेदार मिशी उतरली आणि ताई, खाली तुझा चेहरा निघाला! हुबेहूब. म्हणजे बटाटा आपल्या घराण्याचाच. गल्ली हसली, बाबाही हसले. आता चिलापीचं पिल्लूदेखील खड्ड्यात जातं. जाळ्यात चुकून आलेले आपले मासे तेवढे बाबा हलक्या हाताने सोडतात.

सकाळी चहाला समोर बसले की वाटतं, तूच आली आहेस. फार आठवण येते गं. त्यांची मिशी परत वाढायच्या आत येऊन जा.

धाकटा