कव्हराच्या घडीतलं श्री

बाबा,

गेल्या शनिवारी मला तुमचं अक्षर सापडलं. क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या घरात तुम्ही कधी आलाही नव्हतात, त्यामुळे आधी मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

झालं असं. तुमची नात आता चौदा वर्षांची आहे. मी तिला घेऊन इथे सिंगापूरला आले तेव्हा ती जेमतेम बसायला लागली होती. हे दोन हजार चौदा साल, जगातली सगळी गाणी फोनमध्ये मावतात, आणि या बाईसाहेबांना हव्यात जुन्या, काळ्या, सुईखाली खरखरणाऱ्या रेकॉर्ड. मी बडबडते, ती कानाआड करते. इथून दोन बसस्टॉपवर एका जुन्या इमारतीत रेकॉर्डचं दुकान आहे. तिथून तिने साठवलेल्या पैशांतून एक छोटी रेकॉर्ड आणली. "आई, धिस लेबल इज लेजेंडरी, ला. तुला नाही कळणार." लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, आणि "ला" हे इथल्या बोलण्याचं शेपूट. कव्हर कडेला फाटलं होतं. मी म्हटलं, आण इकडे, नीट करून देते. एकाच कागदाला घड्या घालून केलेलं कव्हर होतं, गोंद नाही की टाचणी नाही. मी ते उलगडलं, घडी दाबायला चमचा घेतला, आणि आतल्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहिलेलं दिसलं: श्री. वेलांटी लांब ओढून टोकाला गोल वळवलेली. माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर हेच असायचं. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले आणि तव्यावरची पोळी करपली.

मी दुसरीत असताना तुम्ही इंग्लंडमधल्या काकांच्या भरवशावर तिकडे गेलात आणि पाचवीत असताना परत आलात. सगळ्यांना वाटलं होतं, काय काय आणाल. तुम्ही आणलात रेकॉर्डचा एक खोका, आणि तोही अशा घरात जिथे त्या वाजवायला यंत्र नव्हतं. पुढे महिनाभर चाळीतल्या बायका आईला विचारत होत्या, साहेबाच्या देशात जाऊन हे करत काय होते? तुम्ही सरळ सांगायचात, कागद दुमडत होतो. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत एक रेकॉर्ड कंपनी, माणसं पाच-सहा. मोठ्या कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलेल्या, लाजऱ्याबुजऱ्या, गिटारवाल्या मुलांची गाणी ते काढायचे. छापखान्यातून कव्हरांचे सपाट कागद यायचे आणि जो समोर असेल तो जमिनीवर मांडी घालून घड्या घालायला बसायचा. गाणारा असो, मालक असो, नाहीतर तुम्ही. चहा मालक करायचा आणि तो वाईट असायचा. "त्या गाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही," तुम्ही म्हणायचात, "पण पोरं भली होती." पन्नास-पन्नासचे गठ्ठे असायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या पहिल्या कव्हराच्या आत तुम्ही श्री लिहायचात. कामाचा पहिला कागद कोरा कसा सोडायचा? तिथल्या कुणी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

परत आल्यावर तुम्ही पुण्यात बाइंडिंगच्या कामाला लागलात, म्हणजे पुन्हा कागदच. मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील बँकेत, आणि माझ्या वडिलांच्या नखांत खळ. तुम्ही आलात त्या जूनमधला एक दिवस मला अजून दिसतो. मी वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालतेय, घाईघाईने, चार झालीयत. तुम्ही एक उचलून उजेडात धरता आणि चारही फाडून टाकता. "कड जुळली नाही आणि तू पुढे निघालीस? आधी कड, मग घडी." मी भोकाड पसरते. तीन वर्षं माझी कव्हरं मीच घातली होती, तेव्हा कोण होतं कड बघायला, असं मी ओरडते. तुम्ही उठता. आत जाऊन जेवणाचा चमचा आणता, माझ्या शेजारी मांडी घालून बसता, आणि नऊच्या नऊ वह्या आपण दोघं मिळून करतो. चमच्याची पाठ घडीवरून फिरल्याचा आवाज मला आवडला होता. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

रविवारी मी लेकीला घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा चिनी गृहस्थ, मुलं त्याला अंकल म्हणतात. मी कव्हर उलगडून दाखवलं तर तो स्टुलावरून उठलाच. "आयो! यू गॉट द कॅट!" कसलं मांजर, मला कळेना. तो म्हणाला, या लेबलच्या काही मोजक्याच कव्हरांत ही खूण सापडते, जगभरची माणसं शोधत असतात, आणि त्याच्या हातून ती न बघताच विकली गेली. कुणी म्हणतं एका ड्रमवाल्याने काढली, कुणी म्हणतं गुप्त सही आहे. "बट आय टेल यू, दॅट वन अ कॅट, ला. कॅट होल्डिंग अम्ब्रेला." मी पुन्हा पाहिलं. बाबा, खरंच दिसतं हो. वेलांटीची छत्री आणि खाली शेपटी वळवून बसलेलं मांजर. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना.

सांगावं की नाही, असा मी घटकाभर विचार केला. मग बिलाच्या पाठीमागे श्री लिहून त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, कव्हरातलं ते माझ्या वडिलांनी लिहिलंय. ते तिथे घड्या घालायचे. काम सुरू करताना आमच्यात असं लिहितात. त्याने बिल कव्हराशेजारी धरून दोन्ही खुणा ताडून पाहिल्या. म्हणाला, ती कंपनी थोडी वर्षं चालून बंद पडली, पण तिचं बघून गावोगावच्या मुलांनी आपापल्या गाण्यांची कव्हरं घरी बसून दुमडली. त्यानेही दुमडली होती. मिलिटरीतली सक्तीची दोन वर्षं संपवून आला तेव्हा त्याने मित्रांबरोबर एक कॅसेट काढली होती, याच क्वीन्सटाउनमध्ये, आईच्या जेवणाच्या टेबलावर. ड्रॉवरमधून त्याने ती काढून दिली. मी कव्हराची कड पाहिली. जुळलेली नव्हती, तुम्ही फाडलीच असती. पण बाबा, मी ती दोन्ही हातांत धरून ठेवली. मला ज्याची लाज वाटायची ते काम इथे एका माणसाने तीस वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं.

मग त्याने जे विचारायचं तेच विचारलं. "युअर फादर ओन कॉपीज, स्टिल गॉट?" आणि लेक माझ्याकडे वळली. "हो ना, आई, आजोबांच्या रेकॉर्ड कुठेयत?"

तो खोका मी रद्दीत घातला होता. सिंगापूरला यायच्या आधी, तुम्ही आत्याकडे साताऱ्याला गेला होतात आणि मी घर आवरत होते तेव्हा. जागा अडवत होता, एवढंच. तुम्ही परत आल्यावर म्हटलं, वाळवी लागली होती, टाकून द्यावा लागला. तुम्ही म्हणालात, "वाळवी लागली तर गेलंच." मग दोन दिवस कपाटातलं एकूणएक पुस्तक काढून तुम्ही गच्चीवर उन्हात मांडलंत, पानन् पान झटकलंत, फळ्यांना रॉकेल लावलंत. वाळवी कुठेच नव्हती. तिसऱ्या दिवशी पुस्तकं परत लावून झाल्यावर म्हणालात, "बरं झालं, बाकीची वाचली." माझ्याकडे न बघता म्हणालात. तुम्हाला कळलं होतं. मला कळलं होतं की तुम्हाला कळलंय. पुढच्या आठवड्यात मी विमानात बसले, आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

त्या दुकानात, दोघं माझ्याकडे बघत असताना, मी म्हटलं, "वाळवी लागली." दुकानदाराने माझ्यापेक्षा वाईट तोंड केलं. "व्हाइट अँट्स. हिअर ऑल्सो गॉट," असं म्हणून त्याने मान हलवली. लेकीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बसमध्ये घरापर्यंत तो काढला नाही. तो हात मला सहन होत नव्हता.

वाळवी नव्हती, बाबा. इतकंच लिहायचं होतं, त्यासाठी एवढी पानं लागली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आत्ता घडी घालीन, कड जुळवून, चमच्याने दाबून, आणि त्या रेकॉर्डच्या कव्हरात तुमच्या श्रीशेजारी ठेवीन. लेक ती रेकॉर्ड रोज काढते. तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. मराठी तिला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, म्हणून मी जरा मोठ्या अक्षरात लिहिलंय.