हत्तीच्या कपाळावरचं कुंकू

शनिवार, वडवणी

ते हत्तीचं पुस्तक काही डोक्यातून जात नाही. आमच्या वाचनालयातून लहान लेकरांनी घरी नेलेली चित्रांची पुस्तकं दुमडून, चघळून, वरणाचे डाग घेऊन परत येतात. हे मात्र नेलं तसं कोरं करकरीत. असं कसं?

ते नेणाऱ्या परीची आजी म्हणाली, "रोज दावताव की, मॅडम. लई आवडतंय लेकराला."

खोटं बोलतेय? पण कशापायी बोलेल?

मग बघितलं, तर कव्हरवरच्या हत्तीच्या कपाळावर कुंकू. पानांना उदबत्तीचा वास. मी पुस्तक परीपुढे ठेवलं. म्हटलं, "उघड बरं." तीन वर्षांची पोर ती. तिनं चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. उघडलंच नाही.

आजी कौतुकानं म्हणाली, "पाय लागू देत न्हाई आमी. देवाजवळच ठिवताव."

म्हणजे आठवडाभर पूजा झाली, गोष्ट नाहीच. आता चिडायचं तरी कुणावर?

शेवटी पान फाटलेलं, कोपरे चघळलेलं मांजराचं पुस्तक दिलं. आजीनं तोंड वाकडं केलं. करू दे. फाटकं कुणी देव्हाऱ्यात ठेवत नाही.

तरी माझा भरवसा नाही. परत आलं की आधी मांजराचं कपाळ बघणार.