गाजराच्या रसाची चाचणी

२ जुलै, सकाळी ११
प्राचार्यांनी चाचणीला होकार दिला. मुलं इंटरनेटवरची माहिती पारखून घेतात की डोळे झाकून गिळतात, हे मोजणारा या कॉलेजातला पहिला ग्रंथपाल मीच. वीस मार्कांचा पेपर. निकालावर शोधनिबंध. मग परिषद. मग बहुतेक परदेश. पासपोर्टची मुदत बघणे.

५ जुलै
सापळा तयार. कॉलेजच्या वेबसाइटवर एक खोटं पान चढवलं: ‘गाजराचा रस प्या, बीपीच्या गोळ्या सोडा.’ आकडे माझे, आलेख माझा, डॉक्टरही मीच जन्माला घातला. स्वतःचं नाव अर्थातच कुठे टाकलेलं नाही. इतकं झकास जमलंय, की क्षणभर मलाच रस प्यावासा वाटला.
चाचणी झाली की लगेच काढणे.

९ जुलै
चाचणी झाली. ११२ पैकी १०३ जण गळाला लागले. आनंद झाला. म्हणजे, वाईट वाटलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने सापळा तर ओळखलाच, वर सगळ्यांसमोर विचारलं, की सर, आता ते पान काढणार ना? विषय सोडून बोलण्याची सवय. दोन मार्क कापले.
पान उद्या काढणे.

१० जुलै
पान काढलं तर निबंधात पुरावा काय दाखवू? संशोधनात घाई करून चालत नाही. सोमवारी नक्की.

१७ जुलै
फॅमिली ग्रुप म्यूट केला. दिवसभर कसले कसले घरगुती उपाय नि भाज्यांचे फोटो. शहानिशा म्हणून कोणी करत नाही. यांना शिकवून शिकवून घसा कोरडा पडला: खाली नाव कोणाचं आहे ते आधी बघा!

२१ जुलै
पान पाहिल्याचा आकडा ४,०३२. विद्यार्थी ११२. म्हणजे प्रत्येकाने छत्तीस वेळा उघडून अभ्यास केला. इतका प्रतिसाद माझ्या कुठल्याच उपक्रमाला मिळाला नव्हता. निबंधात घालणे.

२४ जुलै, संध्याकाळी
ताईचा फोन. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. बारा वर्षं बीपीच्या गोळ्या घेते. म्हणाली, गोळ्यांची कटकट संपली बघ एकदाची, फक्त सकाळपासून डोकं जड आहे. मी निबंधाच्या निष्कर्षात गुंतलो होतो. नंतर करतो म्हणालो. काहीतरी खुपलं मनात, पण तळटीपा राहिल्या होत्या.
रविवारी तिच्याकडे जाणे. नक्की.

२७ जुलै, सकाळी १०
हॉस्पिटल. ताईला झटका आलाय. डावा हात हलत नाही, तोंड एका बाजूला ओढलंय. भाची म्हणाली, दोन आठवडे गोळ्या बंद होत्या, आम्हाला पत्ताच नाही. फोनवर कुठलंसं पान वाचलं होतं म्हणे.
इंटरनेटवर अशी पानं शेकड्यांनी असतील.

दुपारी १
ताई अडखळत बोलली. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाली, तू सांगतोस तसंच केलं रे. आधी खाली नाव बघितलं. तुझ्या कॉलेजचं होतं. मग निर्धास्त झाले.
तिचा उजवा हात धरून बसलो. भीती वाटते आहे. फार.

दुपारी ३
पान काढलं. अर्धं मिनिट लागलं. आकडा ११,२०६ होता. त्या पानाचा मेसेज मात्र ग्रुपांवर फिरतोच आहे.
भाचीने विचारलं, मामा, तू तर यातलाच आहेस, हे लिहिणारा माणूस शोधता येईल का?
बघून सांगतो म्हणालो.