डोकं नसलेल्या संतापासून डावीकडे

पण मामा, मी "पण" म्हणाले आणि तेवढ्यात तुम्ही फोन आपटलात, म्हणून त्या "पण"च्या पुढचं सगळं आता लिहून पाठवतेय. फोन तुम्ही परत उचलणार नाही हे मला माहितीये. पोस्टाने आलेलं पाकीट मात्र तुमच्याकडून न फोडता ठेवलं जात नाही (गाद्यांच्या सेलची जाहिरातसुद्धा तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता).

तर, परमपूज्य आणि सध्या परमसंतप्त ओल्डामामांना, ब्रनोहून वेंदुलाचा अगदी जमिनीला नाक लावून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? बँडच्या तालमीला तो अवजड पितळी ट्यूबा उचलताना अजून कळ येते का? मिलादामामीला माझा गोड पापा, कोंबड्यांनाही विचारलंय म्हणून सांगा. इकडे आई बरी, बाबा बरे, मांजर तर जरा जास्तच बरं आहे. फक्त मी बरी नाही, कारण तुम्ही शनिवारी म्हणालात, "यापुढे माझ्याबरोबर जंगलात पाऊल टाकायचं नाही." मामा, अळंबीचा सप्टेंबर आठ दिवसांवर आलाय हो! दुसरी कुठलीही शिक्षा करा. ख्रिसमसला सगळे अळंबी घातलेला जवाचा कुबा खात असताना मला नुसते उकडलेले जव द्या, तुमच्या वाळवलेल्या अळंबीचा एक तुकडासुद्धा त्यात घालू नका. पण जंगल नका ना बंद करू.

तुम्ही विचारलंत (ओरडलात) की "हे अर्ली ॲक्सेस काय प्रकरण आहे?" सांगते. कॉम्प्युटरवरचा खेळ पुरता तयार व्हायच्या आधीच लोकांना खेळायला देतात. भिंती उभ्या आहेत, छप्पर येतंय, जिना पुढच्या वर्षी. लोक आत राहायला येतात, कुठेतरी डोकं आपटून घेतात, मग कळवतात की बाबांनो, इथे डोकं आपटतं. बनवणारे ते दुरुस्त करतात. "असला अर्धवट माल लोक घेतातच कसा?" असं तुम्ही आत्ता पुटपुटला असाल. मामा, रागावू नका, पण तुमचं कॉटेज १९९४ पासून अर्ली ॲक्सेसमध्येच आहे. बाथरूमला दाराऐवजी पडदा आहे, व्हरांड्याचे खांब आहेत पण व्हरांडा नाही. तरी आम्ही सगळे दर उन्हाळ्यात येतोच ना? कारण बनवणारा माणूस तिथेच असतो, हातात हातोडी असते, आणि काही सांगितलं तर ऐकून घेतो (व्हरांडा सोडून). मला हे खेळ आवडतात ते एवढ्याचसाठी.

मोठ्या कंपन्यांचे पूर्ण झालेले खेळ मी खेळत नाही असं नाही. "सात मुकुट" खेळले. अख्ख्या मोराव्हियाएवढा नकाशा, आणि काम काय, तर एका राजाचं पत्र दुसऱ्या राजाला नेऊन द्या. चाळीस तास पोस्टमनगिरी केली तेव्हा कुठे घोडा मिळाला, आणि तो घोडा चढ चढत नाही, आणि सगळे किल्ले डोंगरावर! "सुखी शेत" पण खेळले. त्यातली गाय शेण टाकत नाही, चिखल पायाला लागत नाही, कोंबड्या रांगेत झोपायला जातात. मामीने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांच्याकडे कोणीतरी एक कोल्हा पाठवा गं." याच्यापेक्षा चांगलं परीक्षण मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

आता अर्धवटांपैकी "ट्राम नंबर नऊ" घ्या. तीनच स्टॉप आहेत, उतारूंना अजून चेहरे बसवलेले नाहीत, एक आजीबाई दारातून न येता खिडकीतून आरपार येते. पण घंटी! मामा, काय घंटी दिलीये! मी एका दुपारी उगाचच दोनशे वेळा वाजवली असेन. उलट "आकाशबेटं" नावाचा खेळ नऊ वर्षं अर्ली ॲक्सेसमध्ये आहे. आम्ही सगळे खेळणारे सहा वर्षं एक साधी शिडी मागतोय, आणि ते दर महिन्याला नवीन टोपी देतात. माझ्याकडे एक्केचाळीस टोप्या झाल्यात आणि मी अजून सगळ्यात खालच्या बेटावर बसलेय. म्हणजे अर्धवट असण्यात वाईट काही नाही, न ऐकण्यात आहे, असं माझं मत. (आईचं मत आहे की मी कॉलेजचा अभ्यासही अर्ली ॲक्सेसमध्येच ठेवलाय. ते सोडा.)

हां, आता मूळ मुद्दा. "टोपीखाली." अळंबी गोळा करायचा खेळ. ऑस्ट्राव्हाचा हिनेक नावाचा एक मुलगा आणि त्याचा भाऊ, दोघंच मिळून बनवतात. मी एप्रिलमध्ये पहिल्यांदा खेळले आणि अक्षरशः कपाळाला हात लावला. अळंबी रांगेत उगवलेली, बटाटे लावल्यासारखी! प्रत्येकीची टोपी एकाच मापाची, किडा एकीलाही नाही. चाकूच नाही, लोक हाताने उपटतायत! (तुम्ही आता खुर्चीतून उठला असाल. बसा, कंबर.) कापल्यावर देठ शेवाळाने झाकायची सोयच नाही. आणि एवढ्या मोठ्या जंगलात भेटणारा प्रत्येक माणूस हसून सांगतो, "पुढे ओढ्यापाशी भरपूर आहेत, जा घेऊन ये!" मामा, आपल्या देशात असा एक तरी माणूस आहे का? मुलीच्या लग्नात जावयाला सांगत नाहीत लोक!

मग मी त्यांना सूचना लिहून पाठवल्या. चौदा पानं. हिनेकचं लगेच उत्तर आलं की आम्ही दोघं दहाव्या मजल्यावर वाढलो, बाबा खाणीत, आम्हाला अळंबी म्हणजे बरणीतली माहिती, तर खरी जागा कशी असते ते जरा समजावून सांगशील का? आता मला सांगा, कोणी इतक्या नम्रपणे विचारलं तर काय करायचं? मी समजावलं. समजावता समजावता चित्र काढलं. चित्र काढता काढता... म्हणजे, मला खरी जागा एकच माहितीये ना, मामा.

नऊ वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला तिकडे नेलंत. डोळ्यांवरून टोपी खाली ओढलीत, एकाच टेकडीला तीनदा फिरवलंत, आणि करंडीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीत. मी ती पाळली हो! आईला नाही सांगितलं. मामीने मनुकांचा केक पुढे ठेवून, केस विंचरून देता देता, अगदी सहज विचारलं, तेव्हा केक खाल्ला आणि तरी नाही सांगितलं. अकरा वर्षं! आणि शेवटी सांगितलं ते कोणाला, तर ज्याला मी कधी पाहिलंही नाही अशा माणसाला. पुलापाशी डोकं नसलेला दगडी संत, त्याच्यापासून डावीकडे, तीन खोडांचा बर्च, मग ओंडका. बाणसुद्धा काढले. मला वाटलं ते नमुना म्हणून बघतील. त्यांनी जशीच्या तशी टाकली. जुलैच्या अपडेटमध्ये. बर्चच्या मधल्या खोडावरच्या गाठीसकट. (गाठ फार सुंदर जमलीये, हे अपराधी म्हणून नाही, खेळाडू म्हणून सांगतेय.)

आणि अजून एक. सूचनांमध्ये मी हेही लिहिलं होतं की जागेच्या मालकाजवळ कोणी परकं माणूस आलं तर तो काय करतो. तर आता त्या ओंडक्यावर एक माणूस बसतो. हिरवं जाकीट, मांडीवर चरबी लावलेला पाव, बाजूला करंडी. खेळणारा लांब असेल तर मजेत शीळ घालतो. जवळ आला की पटकन करंडीवर जाकीट टाकतो, बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि म्हणतो, "इथे काही नाही बुवा, वर जा, वर." वर गेलं की खरंच काही नसतं.

तुमच्या गावच्या डोलेझलकाकांनी तुम्हाला ओळखलं ते त्या माणसामुळे. जागेमुळे नव्हे! मी त्यांना स्वतः फोन करून विचारलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जंगलात जाता येत नाही, म्हणून नातीने तिच्या कॉम्प्युटरवर हा खेळ लावून दिला. ते दोन दिवस नुसते त्या ओंडक्यापाशी जायचे, मागे यायचे, परत जायचे, आणि हसून हसून टाके दुखायचे. म्हणाले, "तीस वर्षं हा ओल्डा मला वर पाठवतोय. आता जगालाच पाठवायला लागला." हेच त्यांनी बिअर पिताना सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही ग्लास अर्धा टाकून उठलात, शनिवारी पहाटे जागेवर गेलात, तर कापलेले देठ, वर नीट शेवाळं, आणि अळंबी एकही नाही. आणि मग मला फोन.

तुमचा आवाज फोनवर रागाचा होता, पण शेवटी शेवटी तसा नव्हता. "तुला एकटीला दाखवली होती गं," असं म्हणालात. तेव्हापासून मी एकही खेळ उघडलेला नाही, ट्रामसुद्धा नाही. मामा, मी चुकले. मला ना, एखादी गोष्ट आवडली की ती जगातल्या प्रत्येकाला आवडली पाहिजे असं वाटतं, आणि त्या भरात तोंड चालतं. ती जागा मला माहीत असलेल्या सगळ्या जागांमध्ये सगळ्यात सुंदर आहे. कोणीतरी जंगल असं बटाट्यांसारखं लावलेलं मला बघवलं नाही, एवढंच.

हिनेकशी बोलले. बिचारा इतका घाबरला की दोनदा फोनच पडला त्याच्या हातून. म्हणाला, तू म्हणशील तर दोन दिवसांत संत, बर्च, ओंडका, माणूस, सगळं काढून टाकतो, तिथे साधं डबकं करतो. फक्त हो म्हणायचंय. मी अजून म्हटलेलं नाही. ते म्हणायचा हक्क तुमचा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी, करंडी आणि चाकू दोन्ही धुऊन-पुसून तयार ठेवलेली,
तुमची भाची
वेंदुला

ता. क. – डोलेझलकाकांवर राग धरू नका. ते कुबड्या घेऊन पोस्टापर्यंत जेमतेम जातात, ओढा कसले ओलांडतायत! गुरुवारी कोण गेलं होतं ते मला कळलंय. दर गुरुवारी तुम्ही अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये ट्यूबा वाजवत असता, तेव्हा मामी जाते. सत्तावीस वर्षं. (तेव्हाचा तो मनुकांचा केक म्हणजे नुसती माझी परीक्षा होती म्हणे.) तुम्हाला कळू नये म्हणून थोडीच कापते, पण या वेळी तिची बहीण येणार होती म्हणून जास्त घेतली. काल तिने मला फोनवर रडता रडता, मग हसता हसता सांगितलं. मी तिला शब्द दिलाय की तुम्हाला सांगणार नाही. त्यामुळे तुम्ही हे वाचलेलं नाही.

ता. क. २ – आता तुम्ही हसत असाल तर (मामी म्हणते तुमच्या मिशा आधी हलतात) एक सांगायचं राहिलं. हा खेळ तीस हजार लोकांनी घेतलाय, आणि त्यातल्या एकालाही अळंबीचं फारसं काही पडलेलं नाही. सगळे ओंडक्यावरच्या माणसाबद्दलच लिहितात. पोर्तुगालच्या एका बाईंनी लिहिलंय की मी रोज कामावरून येते, त्याच्यापासून थोडं लांब बसते, तो शीळ घालतो ती ऐकते, आणि त्याला नाडी बांधायला लागू नये म्हणून जवळ जात नाही. मी हे तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा नाक पुसावं लागलं. पण मामा, त्या माणसाला आवाज हिनेकने स्वतःचा दिलाय. पक्का ऑस्ट्राव्हाचा, भराभर, शब्द गिळत, आणि "काही नाही" असं म्हणतो की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, इथेच आहे. तुमच्यासारखं जमतच नाही. तो माइक घेऊन गावाला यायला तयार आहे, एक दुपार पुरे, जागा बघायला मागणार नाही, डोळ्यांवर टोपी ओढून आणलंत तरी चालेल म्हणतो. तर तुम्हाला काय वाटतं, मामा? डबकं करायला सांगू, की तुम्ही त्या माणसाला जरा नीट खोटं बोलायला शिकवाल?