दोन चाव्यांपैकी एक

शिरूर अनंतपाळ,
रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय जोहरा,

जयभीम आणि सलाम. अम्मींना माझी आठवण सांग. मी इकडे ठणठणीत आहे.

पत्र बघून हसशील. तुझा नंबर आहे माझ्याकडे. दिवाळीत आपल्या उमरीला गेले होते, तेव्हा तुझ्या मकबूलचाचांकडून नांदेडच्या पत्त्यासोबत घेतला. दोनदा लावलाही. तू "हॅलो, कोण?" म्हणालीस आणि मी फोन ठेवला. चाचांनी दुकानात बसवून चहा पाजला. तुझ्या लेकीचं सांगत होते, "इकरा दसवीं में है. पढने में लई तेज, माँ पे गई." तो चहा काही मला गोड लागला नाही.

तर माझी हालहवाल. इथून नऊ किलोमीटरवरच्या गावात मी ग्रामसेवक आहे. हुद्द्याचं नाव आता बदललंय, पण गाव "ग्रामसेवक मॅडम"च म्हणतं. गावाचा वर्षाचा आराखडा करण्याआधी मुलांचीही सभा घ्यायची असते. आमचे सरपंच शेषेराव म्हणाले, "पोरांची सभा म्हंजे काय मॅडम, बिस्कीटपुडे वाटायचे न् फोटो काढायचा." मी म्हटलं, बिस्किटं वाटू, पण आधी ऐकू.

पहिला अर्धा तास पोरं बिस्किटांकडेच बघत होती. मग सहावीतली गुरम्मा उठली. आजीचं नाव ठेवलंय तिला आणि आवाजही आजीचाच. "संडासाला कुलूप हाय. चावी हेडसरांकडं. आमी पोरी शाळेत पाणीच पेत न्हाई."

हेडसर शेजारीच बसलेले. "उघडं ठेवलं तर घाण करतेत, मॅडम. साहेब आल्यावर काय दाखवायचं?"

"साहेब कवा येतेत?" गुरम्मानं विचारलं.

"वर्षातून एकदा-दोनदा."

"आमी रोज येतो की."

शेषेराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण मला हसू आलं नाही, जोहरा. मी खाली मान घालून लिहीत राहिले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो ठराव ठेवला. शाळेच्या वेळात कुलूप नाही, पाणी पंचायतीच्या टाकीतून, सफाईचं माणूस पंचायतीचं, आणि दर तीन महिन्यांनी मुलींनीच सांगायचं की चालू आहे की नाही. ठरावाला सूचक लागतो आणि तो मतदार लागतो. सहावीतल्या पोरीचं नाव चालेना. तेवढ्यात मागून गुरम्माचे आजोबा शिवप्पा काठी टेकत उठले. "माझ्या नातीचं बोलनं हाय. सूचक मी. लिवा." मी लिहिलं. आणि त्याच्या वरच्या ओळीत "बालसभेत गुरम्माने मांडलेल्या मागणीवरून" हेही लिहिलं. शेषेराव म्हणाले, "बारक्या पोरीचं नाव कशाला वहीत?" मी म्हटलं, मागितलं तिनं, मग कुणाचं लिहू?

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी कुलूप आणि दोन चाव्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. थोडे रुसूनच. म्हणाले, "घ्या, आता तुमीच सांभाळा."

चावी हातात घेतली आणि मूठ आपोआप मिटली.

आपली सातवी आठवते? न आठवून कसं चालेल. पोरींसाठी नवीन बांधलेला संडास, त्याला मोठं पितळी कुलूप. त्या दुपारी तुला कळ धरवली नाही आणि वर्गात जे झालं, त्यावर सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस. अम्मी म्हणाल्या, बस झालं शिक्षण. चावी सरांकडे होती आणि सर तालुक्याला गेले होते, असंच सगळ्यांना माहीत आहे. तुलाही.

सर जाताना चावी मॉनिटरकडे देऊन गेले होते. मॉनिटर मी होते. "साहेब येईपर्यंत उघडायचं नाही," असं बजावून गेले होते. आमच्या घरातल्या कुणाच्या हाती शाळेनं तोवर काही सोपवलं नव्हतं. उघडलं तर चावी काढून घेतील, ही भीती खरी होती. पण अर्धीच. तू दोनदा विचारलंस, "लुंबिनी, चावी कुनाकडं हाय गं?" आणि मला वाटलं, वर्गात पहिली येते ना, हिला जरा ताटकळू दे. फ्रॉकच्या खिशात चावी मुठीत धरून मी म्हटलं, "सरांकडं."

हसणाऱ्यांत मी नव्हते. पण ते सांगून काय उपयोग?

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, नांदेडला तुझ्या शिवणकामाला तोड नाही, तुझ्याकडे शिकायला मुली रांगा लावतात. मला आनंद होतो आणि लगेच दुसरं काहीतरी होतं. माफी मागते, पण ती देण्याची तुला घाई नाही. नाही दिलीस तरी चालेल.

शुक्रवारी शाळेत जाऊन आले. दार उघडं होतं, फरशी ओली होती. गुरम्मा नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होती. मला बघून ओली हनुवटी पुसत म्हणाली, "चालू हाय, मॅडम." तीन महिने व्हायच्या आतच हजेरी दिली पोरीनं.

कुलूप पंचायतीच्या वहीत जमा केलंय. चावी मात्र एकच जमा केली, दुसरी या पाकिटात आहे. आता ती कशालाच लागत नाही. पण तू मागितली होतीस.

तुझी,
सातवीची मॉनिटर,
लुंबिनी